तिसरी भाकरी

"हलू नकोस गं," म्हणत डॉक्टरबाईंनी सोमीच्या तोंडावर पारदर्शक टोप ठेवला. नुसतं पडून राहिलेलं अंग किती अन्न जाळतं, ते यंत्र मोजणार होतं. आश्रमशाळेतल्या ठाकर पोरींचे आकडे शहरातल्या मुलींशी ताडून पाहायचे होते.

"या पोरी कमीच जाळतात," बाई पुटपुटल्या.

शेजारी उभ्या वसतिगृहाच्या सरांना तेवढंच हवं होतं. "म्हणजे तिसरी भाकरी आम्ही उगाच वाढतो! उद्यापासून दोनच."

उकळत्या आधणात तांदूळ नाचावा तसा सोमीचा राग आतल्या आत उसळला. टोप ढकलून ती उठून बसली.

"तोंड झाकून निजवत्यात ते मेल्या मानसाला. मी जिती हाय, सर! वसतिगृहाचं पानी कोन भरतं? निजलेलं अंग मोजलंत, आता झऱ्यावर चला."

"सोमे, झोप खाली!" सर ओरडले.

सोमीनं डोक्यावर चुंबळ ठेवली, एक हंडा घेतला नि दुसरा सरांच्या पायाशी आदळला. सर जागचे हलले नाहीत. तो हंडा बाईंनी उचलला.

भरल्या हंड्यानिशी अर्धी चढण येताच बाईंना धाप लागली. सोमी वळून हसली.

"बाय, आज तुमी किती भाकरी खानार?"