सीलबंद लॅपटॉपची चाचणी

चाचणीचा चौथा दिवस होता. भांडारपालांनी लॅपटॉपचं खोकं टेबलावर उभं केलं, मग आडवं केलं, मग भिंतीला तिरकं टेकवलं आणि वहीत लिहिलं, ‘तिन्ही अवस्थांत स्थिर.’ खोक्यावरचं सील जसंच्या तसं होतं.

“अहो, पण एकदा उघडून तर बघा!” दारात उभ्या असलेल्या टायपिस्टबाई म्हणाल्या.

“सील फुटलेला माल कंपनी परत घेत नाही, बाई. आणि सील फोडेल तो मालाला जबाबदार. तेहतीस वर्षांत या भांडारात एकही सील फुटलेलं नाही.” आमच्या घराण्यात कोणी दारूला शिवलेलं नाही, असं एखाद्यानं सांगावं तसं त्यांनी ते सांगितलं.

बाईंच्या उजव्या मनगटाला पट्टा होता. एकवीस वर्षं रोज दोनशे नोटिसा बडवून त्या मनगटानं संप पुकारला होता. डॉक्टरांनी बजावलं होतं, कीबोर्ड सोडा, नाहीतर हात जाईल. साहेबांनी एक वाट ठेवली होती. स्क्रीन मागे वळवली की पाटीसारखा होणारा, बोटानं चालणारा हा लॅपटॉप रोजच्या कामाला योग्य ठरला तर बाईंना मिळणार; नाही ठरला तर बाई घरी बसणार. आणि घरात कमावणाऱ्या त्या एकट्याच होत्या.

पाचव्या दिवशी स्पर्शाची चाचणी झाली. सगळा कर्मचारीवर्ग रांगेनं आला, खोक्याला बोट लावून सही करून गेला. लेखापालांनी दोनदा लावलं, एकदा स्वतःचं आणि एकदा रजेवरच्या सहकाऱ्याच्या वतीनं. सहाव्या दिवशी बॅटरी. खोकं दहा ते पाच चार्जिंगशिवाय ठेवलं. दिवसभरात काहीही बंद पडलं नाही. सातव्या दिवशी शिपाई ते घेऊन तीन मजले चढला आणि उतरला. भांडारपालांनी नोंद केली, ‘मशीन नेण्या-आणण्याजोगं. शिपाई कुरकुरतो.’

हसावं की रडावं, बाईंना कळेना. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. त्या रोज खाली जाऊन “काय म्हणतोय आपला लॅपटॉप?” असं गोड आवाजात विचारत राहिल्या, आणि भांडारपाल “गुणी आहे हो,” असं सांगत राहिले.

दहाव्या दिवशी अहवाल आला. रोजच्या कामाला योग्य.

बाईंचे डोळे भरून आले. डाव्या हातानं त्यांनी पोच लिहून दिली. एका माणसाला एकच मशीन, हा नियम असल्यामुळे दोन माणसं लगेच वर आली आणि बाईंचा जुना कॉम्प्युटर, कीबोर्ड, माऊस, सगळं उचलून घेऊन गेली. मोकळ्या टेबलावर बाईंनी खोकं ठेवलं, देवाचं नाव घेतलं आणि कात्रीनं सील कापलं.

आत लॅपटॉपच्या मापाचा पांढरा फोम होता. फोमच्या खाली, वजनाला, एक फरशी होती. फरशीवर चिठ्ठी होती, ‘तपासले. योग्य.’ खाली कोणाची तरी झोकदार सही.

बाई धापा टाकत खाली पोचल्या. “अहो, आत फरशी आहे!”

भांडारपाल दचकले नाहीत. उठून त्यांनी दार लावलं आणि आवाज खाली आणला.

“बाई, तेहतीस वर्षं मी सील फोडत नाही, ते काय मला कात्री मिळत नाही म्हणून?”

“मग आता?”

“आता काय? फोडलंत तुम्ही. लॅपटॉप तुमच्याकडून हरवला.”

बाई कशाबशा जिना चढून वर आल्या, तर टेबलापाशी साहेब उभे. बाईंनी झडप घालून खोक्याचं झाकण स्वतःकडे ओढलं. नोकरी आता त्या झाकणाच्या आड होती.

“कसा काय वाटतो?”

“छान आहे, साहेब. जरा हात बसायला हवा.”

“बसू दे, बसू दे. घाई नाही.” साहेबांना स्वतःला टचस्क्रीनची भीती वाटत असे. झाकणाच्या पलीकडे डोकवायची त्यांची छाती झाली नाही, आणि बाकीच्यांना जबाबदारी नको होती.

महिनाभर बाई दहा ते पाच झाकणामागे बसल्या. कोणी आलं की फरशीवरून एक बोट फिरवायच्या. पहिले चार दिवस भीतीनं जेवण गेलं नाही. पाचव्या दिवशी डबा संपला, आठव्या दिवशी डुलकी लागली. नोटिसा काही गेल्या नाहीत. पण नोटीस आली नाही म्हणून भांडायला आजवर कोणी आलेलं नाही. महिनाअखेरीच्या गोषवाऱ्यात लिहिलं गेलं, वीज वाचली, कागद वाचला, तक्रार शून्य. साहेबांनी तसलेच आणखी चाळीस लॅपटॉप मागवले.

डॉक्टरांनी बाईंचं मनगट आडवंतिडवं वाकवून बघितलं, एकेक बोट दाबलं. कुठेच दुखेना. त्यांनी पट्टा सोडून बाजूला ठेवला.

“कमाल आहे! एका महिन्यात? माझंही मनगट हल्ली धरतंय, बाई. असं काय करतं हो ते मशीन?”

बाईंनी पुष्कळ विचार केला. महिनाभर सगळीकडे खोटं बोलून त्यांचा जीव मेटाकुटीला आला होता. एका ठिकाणी तरी खरं सांगावं, असं त्यांना वाटलं.

“करत काहीच नाही, डॉक्टर,” त्या म्हणाल्या, “पण ते आलं की जुनं काढून नेतात.”