मंगळवारचा भुंगेरा

गेरिटने बरणी टेबलावर उपडी केली, बूड ठोकलं, आत बोट फिरवलं. एकही भुंगेरा निघाला नाही. पडला तो नुसता भुगा आणि उंदराच्या चार लेंड्या.

"खाल्लेस ना मेल्या!" तो फडताळाखाली बघून ओरडला. "शेजारी एवढं चीज होतं, ते नाही दिसलं?"

चूक गेरिटचीच. झाकण उघडं राहिलं होतं. आणि आज मंगळवार.

बाहेर धुकं. ओरेगनच्या त्या खोऱ्यात नोव्हेंबरचं धुकं पाहुण्यासारखं येतं आणि घरजावयासारखं बसून राहतं. कुंड्यांतल्या मेपलच्या रांगा पार त्यात बुडाल्या होत्या.

मार्लिस आता येईलच. मार्लिस म्हणजे शेतीखात्याची तपासनीस. दोन वर्षांपूर्वी गेरिटच्या नर्सरीत टांगलेल्या सापळ्यात तिला जपानी भुंगेरा सापडला होता. दिसायला दागिना! हिरवी मान, तांब्याचे पंख. पण त्याची अळी म्हणजे आपल्या हुमणीची सख्खी बहीण, झाडाची मुळं कुरतडून खाणारी. लगेच बंदी आली. कुंडीतलं एकही रोप राज्याबाहेर पाठवायचं नाही, आणि दर मंगळवारी तपासणी.

दुसरा कोणी असता तर कपाळ बडवून घेतलं असतं. गेरिटला काही वाटलं नाही. बायको, नेल, गेल्यापासून त्याने लांबचे ट्रक भरणं सोडलंच होतं. कामाची माणसंही पांगली. शेजारच्या मोठ्या नर्सरीत आता कुंड्या हलवायला यंत्रं आलीत, तिथे कुंपणाशी उभं राहिलं तरी कोणी हात करत नाही. उरला तो, त्याची झाडं आणि भिंतीवरचं घड्याळ. पण मंगळवारी कोणीतरी फाटकातून हाक मारायचं, "आहात का जिवंत?" आठवड्याभराचं बोलणं तो त्या एका सकाळसाठी साठवून ठेवायचा.

मग सापळा रिकामा निघायला लागला. "सुटलात हो माझ्या तावडीतून!" मार्लिस हसून म्हणाली. त्या दिवशी गेरिटला जेवण गेलं नाही.

त्याने ओहायोला मेव्हणीला फोन लावला. तिकडे हे भुंगेरे इतके, म्हणे, की गुलाबाला पाणी घालून पाठ फिरवावी, वळून बघावं तर नुसते काटे.

"लोकांच्या मेव्हण्या मुरांबा पाठवतात," ती म्हणाली, "आणि तुम्हाला किडे हवेत?"

"मेलेलेच पाठव बाई. जिवंत एक नको. नेलची शपथ आहे तुला."

बरणी भरून आले. तेव्हापासून दर मंगळवारी सकाळी गेरिट एक भुंगेरा कॉफीच्या वाफेवर धरायचा, पाय मऊ पडले की सापळ्यात नेऊन सोडायचा. एकाचा तर डावा पंखच निखळला होता. तो त्याने चष्मा लावून, जीभ दातात धरून, कलमाच्या पिवळ्या मेणाने चिकटवला. मार्लिस त्याला कितीतरी वेळ न्याहाळत राहिली. "काय धडधाकट गडी आहे!" म्हणाली, आणि टाकला कोटाच्या खिशात.

यंदा तिच्यातही फरक पडला होता. आधी ती खात्याच्या पांढऱ्या गाडीतून यायची, अंगात पिवळं जाकीट, भुंगेरा कुपीत बंद करायची. कॉफी विचारली तर "नियमात बसत नाही." आता येते स्वतःच्या खटाऱ्यातून. जाकीट नाही, कुपी नाही, आणि कॉफी दोन कप.

"नियम बदलले वाटतं?" गेरिटने एकदा विचारलं होतं.

"ऑफिसात सगळी नवी पोरं आलीत. नियमांना काय, पाय फुटलेत."

फाटक करकरलं.

"आहात का जिवंत?"

"मेलो असतो तर कॉफीचा वास आला असता का?"

"मग तोंड असं का? घरात उंदीर मेल्यासारखं?"

"उंदीर जिवंत आहे. तेच तर दुखणं आहे."

ती बसली. बदामाच्या केकचा तुकडा मोडला. "छान झालाय. माझ्या घरी रेडिओशिवाय कोणी बोलत नाही, आणि त्यालाही हल्ली घसा बसलाय."

गेरिटने कप पुन्हा भरला. जेवढी कॉफी, तेवढा उशीर.

"सगळीकडचे सापळे उतरले," ती म्हणाली. "या थंडीत कुठला भुंगेरा उडतो? तुमच्याकडचेच तेवढे हट्टी."

"मग हाही उतरवणार?"

"आज रिकामा निघाला तर उतरवायलाच हवा. मग मंगळवारी यायला मला निमित्त काय?" तिने त्याच्याकडे जरा जास्तच वेळ बघितलं. गेरिट केककडे बघत होता.

"अजून एक कप?"

"पोटात तळं झालंय माझ्या. चला."

मेपलच्या रांगांतून दोघं निघाले. ती पुढे, हात कोटाच्या खिशात. तो मागे, पाय ओढत. धुक्यात तिची पाठ पुसट व्हायची, मग पुन्हा दिसायची. पुढच्या मंगळवारी हा रस्ता कसा दिसेल ते त्याला आत्ताच दिसत होतं.

सापळ्यापाशी त्याला राहवलं नाही. "मार्लिस, एक सांगायचंय. हे भुंगेरे..."

"थांबा हो. कामाच्या वेळी गप्पा नकोत."

"अगं, पण ऐक तरी."

तिने खिशातून हात काढला. गारठ्याने मूठ घट्ट मिटलेली. तशीच तिने ती सापळ्यात घातली, आत चाचपलं.

"सापडला!"

गेरिटचं तोंड उघडं ते उघडंच.

"आता काय, पुढच्या मंगळवारी यावं लागणार," मार्लिस म्हणाली, आणि तिने तळहात त्याच्यापुढे उघडला. हिरवी मान, तांब्याचे पंख, आणि डाव्या पंखाच्या मुळाशी पिवळ्या मेणाचा वाळका ठिपका.