इतर सर्व

"हे लाल टिपके काढ," भैयाजी म्हणाले आणि तंबाखूच्या खर्‍यानं रंगलेलं बोट त्यांनी सरळ स्क्रीनवर टेकवलं.

शी! रक्षाला रुमाल काढून काच पुसावीशी वाटली. पण पुसून काय उपयोग, भैयाजींनी पुन्हा तिथंच बोट ठेवलं असतं.

टिपके म्हणजे घरं होती. गिरड रस्त्याच्या एका टोलीतली, गावाबाहेरच्या लहानशा वस्तीतली सदतीस घरं. चार दिवस उन्हात दारोदार फिरून रक्षानंच ती मोबाईलवर टिपून आणली होती. ढाब्यांचा आणि आसपासच्या गावांचा सारा कचरा टाकायला त्या टोलीला लागूनचीच जागा ठरत होती, आणि जागेपासून पाचशे मीटरात वस्ती नको, अशी कागदावर अट होती. नकाशा करायचं काम भैयाजींच्या जाम चौकातल्या ऑफिसकडे आलेलं. उद्या सुनावणी. नकाशात घरं दिसली तर जागा रद्द, नाही दिसली तर टोलीच्या दारात उकिरडा.

"घरं आहेत ते, भैयाजी. लोकं राह्यतात तिथं."

"मी कुठं म्हणतो, नाई राह्यत? डिलीट नको करू. फाईलमंदी राहू दे न. फक्त नकाशावर दिसू नाई पायजे. आपण काई खोटं करून नाई राह्यलो."

रक्षा हलली नाही, तेव्हा त्यांनी माऊस स्वतःकडे ओढला. या सॉफ्टवेअरमधलं त्यांना जेमतेमच येत होतं, पण नेमकं हेच येत होतं. डावीकडच्या यादीत घरांचे तीन रंग होते. गावठाणातली घरं तपकिरी, पट्टा मिळालेली पिवळी, आणि ज्यांच्याजवळ कसलाच कागद नाही ती लाल. त्या लाल घरांना सॉफ्टवेअर आपणहून 'इतर सर्व' म्हणतं. टोली सारी सरकारी गायरानावर, म्हणून सारी लाल. भैयाजींनी 'इतर सर्व'पुढची खूण काढली. एका टिचकीत सदतीस घरं गेली आणि मागं गुळगुळीत हिरवी जमीन उरली.

"पाह्य बरं, आता कसा सुंदर दिसून राह्यला!"

हिरवा रंग रक्षानंच निवडला होता, तोही तिला बघवेना.

पण घरमालकांची नावं तिनं नकाशाच्या वेगळ्या थरात ठेवली होती. ती तशीच राहिली. मोकळ्या जमिनीवर सदतीस नावं, खाली घर नाही की दार नाही.

"हे काऊन राह्यले?"

"नावं आहेत."

"काढ मंग."

त्याही थराची खूण काढली की झालं, हे रक्षाला पक्कं ठाऊक होतं. तरी ती म्हणाली, "ते तसे नाई जात. एकेका नावावर क्लिक करा लागते. तुमीच करा, माह्या हातानं नाई होत." एकेक नाव लपवायचं बटण तिनं त्यांना सुरू करून दिलं आणि ती खुर्चीतून उठली. माणसाला एकेक नाव वाचावं लागेल, वाचता वाचता कुठंतरी लाज वाटेल, असं तिच्या मनात होतं. भाबडी पोरगी!

भैयाजी चिडलेसुद्धा नाहीत. तेच जास्त घाण वाटलं तिला. त्यांनी टोपलीत खर्रा थुंकला, चष्मा लावला, खुर्ची पुढं ओढली आणि हजेरी घेतात तसं मोठ्यानं वाचत सुरू केलं.

"नत्थू." टिचकी. "कैलास." टिचकी. "हरिभाऊ. माणिक." टिचकी, टिचकी. मध्येच मान वळवून म्हणाले, "अक्षर मात्र चांगलं घेतलं हो तू. साफ वाचता येते."

अर्धी नावं अशीच गेली. रक्षा खिडकीशी उभी राहून हायवेवरचे ट्रक पाहत होती. या माणसाच्या हाताखाली आपण तीन वर्षं काढली, याचीच तिला शिसारी येत होती.

"मनकर्णा," भैयाजी म्हणाले. पण टिचकी वाजली नाही.

रक्षानं वळून पाहिलं. माऊसवरचा हात थांबला होता.

"ही चौकात वांगे, सांभाराच्या जुड्या घेऊन बसते, तेच का?"

"तेच."

"आपल्या घरी तिचाच भाजीपाला येते. वर्षं झाले."

रक्षा टेबलाजवळ आली. भैयाजींनी चष्मा नीट केला आणि ते नाव पुन्हा वाचलं.

"चांगली बाई आहे बिचारी," ते म्हणाले. "मापात कधी मारत नाई."

आणि त्यांनी मनकर्णा काढून टाकली.