पुण्याचा फोन

पुण्याहून फोन आला की अमृत गॅलरीत जाऊन, पाठ करून बोलायचा. आज दुपारीही तो तसाच उठून गेला आणि नानासोंनी सोनमला आत बोलावलं.

"ह्यो चालला बघ पुण्याला. कुठली तरी कंपनी ओढतीया त्याला. सर्व्हरचं आता लांबवू नगं."

फौजेच्या सिग्नल विभागातून निवृत्त होऊन नानासोंनी मलकापुरात ही छोटी सॉफ्टवेअर कंपनी काढली होती. आष्टा-शिराळ्याकडच्या दूध संघांचं काम इथं चाले. पण कोड कुणाच्या लॅपटॉपवर, तर कुणाच्या पेनड्राइव्हवर. दिवाळीच्या तोंडावर कुणीतरी नव्या कामावर जुनीच फाइल चढवली आणि एका संघाची दूधबिलं सगळी चुकीची निघाली. त्या वेळी अमृतच्या लॅपटॉपमधल्या प्रतीनं अब्रू वाचवली. तेव्हापासून नानासोंना एकच धास्ती होती. अमृत लॅपटॉप उचलून गेला, तर कंपनीला कुलूपच.

सोनमनं कोपऱ्यातल्या कॉम्प्युटरवर सर्व्हर उभा केला. आता प्रत्येकाचा कोड तिथंच जमा व्हायचा. कुणी काय बदललं, का बदललं, ते दिसायचं. चुकलं तर मागचं परत आणता यायचं.

अमृत आढेवेढे घेईल, असं नानासोंना वाटलं होतं. तो तर सोनमशेजारी खुर्ची ओढून बसला. जुनं-पुराणं सगळं शोधून सर्व्हरवर चढवलं, अडलं तिथं तिला समजावून सांगितलं. नानासोंची खात्रीच पटली. जाणारा माणूसच घर असं झाडून देतो.

शेवटी त्यांनी अमृतचा लॅपटॉप बंद करायला लावला. सोनमनं सर्व्हरवरून एका कोऱ्या कॉम्प्युटरवर सगळं उतरवून घेतलं. प्रोग्राम बिनबोभाट चालू झाला. तिनं मुद्दाम दराचं गणित बिघडवलं आणि लगेच आधीचं परत आणून दाखवलं.

नानासोंनी मोठा श्वास सोडला. छातीवरचा धोंडाच उतरला. भीती गेली तसा मनातला रागही गेला. त्यांनी अमृतला केबिनमध्ये बोलावलं.

"लय चोरून बोलत हुतास, गड्या. पुण्याचं कळलंय मला."

अमृतचा चेहरा उतरला. "मीच सांगणार होतो, साहेब. धीर हुईना."

"आरं, त्यात भ्यायचं काय? चांगली हाय का?"

"लय चांगली हाय."

"मग हो म्हणून टाक. मी आडवा येणार न्हाई."

"खरंच, साहेब?"

"फौजीचा शब्द हाय. जा, सुखात ऱ्हा."

अमृत वाकून त्यांच्या पाया पडला. उठला तेव्हा त्याचे डोळे भरले होते.

"पुण्याहून फोन करताना तुमची पूजा उगंच घाबरत होती. मी तिला सांगतच होतो, तुझे बाबा न्हाई म्हणणार न्हाईत."