वन्संची जीभ

शिलाई मशीन थांबवून मी बटणांच्या डब्यातून चिठ्ठी काढली. तिच्यावर माझं क्रिप्टोचं पाकीट उघडणारे बारा गुप्त शब्द होते, म्हणजे लेकीचं अख्खं कॉलेज. अनोळखी नंबरवरून नणंद रडत होती. "वहिनी, माझं खातं गोठवलंय. कृपया तुमचे बारा शब्द सांगा, उपकार विसरणार नाही." मी पहिला शब्द उच्चारणार तोच थबकले. कृपया? उपकार? लग्नापासून या बाईनं मला 'ए बावळट' सोडून दुसरी हाक मारलेली नाही. चोरांनी एआय वापरून तिचा आवाज हुबेहूब उचलला, पण मेल्यांना तिची जीभ उचलता आली नाही. फोन कापून तिच्या नेहमीच्या नंबरवर सगळं सांगितलं. "ए बावळट, ते शब्द माझ्या भावालासुद्धा सांगायचे नसतात. अक्कल उसवली का तुझी?" माझे डोळे भरून आले. चिठ्ठी डब्यात टाकत म्हटलं, "वन्सं, फोन ठेवू नका. अजून बोला."