शांत आवाजाची बाई

“आता सावकाश श्वास सोडा,” ती माईकसमोर म्हणाली आणि तिचाच श्वास घशात अडकला.

काचेपलीकडून रेकॉर्डिस्टने हात वर केला. पुन्हा घ्या. स्टुडिओत सगळे त्याला कात्री म्हणत, कारण कोणाचा खोकला, खुर्चीची कुरकुर, पोटातली गुरगुर, काहीही तो बेमालूम कापून काढी. पण तिचं वाक्यच अर्ध्यावर तुटत होतं, आणि तिथे कात्रीचाही नाइलाज होता.

माईकला पंख्याचा आवाज चालत नाही, म्हणून पंखा बंद होता. मानेपासून कानांपर्यंत भट्टी पेटली. घाम चष्म्यात उतरला. ती पाणी प्यायली, आणि घोट खाली जाईपर्यंत तोंडाला पुन्हा कोरड पडली. शरीराचं सैन्य शरीरावरच उलटलंय, असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. लाळेच्या ग्रंथी आणि बोटांचे सांधे त्याला शत्रूचे वाटू लागले होते. त्यातच पाळी जायला आली, पण तीही सरळ जाईना. मनात येईल तेव्हा यायची, नाहीतर तोंड फिरवायची. दुष्काळात तेरावा महिना. दाराची बेल वाजली तरी छातीत धडधडायचं.

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या लिहून दिल्या आणि वर बजावलं, की तुमचे मज्जातंतू सारखे पहाऱ्यावर उभे आहेत, त्यांना रोज थोडी सुट्टी द्या. श्वास संथ घ्या, सोडताना आणखी लांबवा. एकटीने जमत नसेल, तर कुठलं तरी रेकॉर्डिंग लावून पडून राहा.

लेकीने शोधाशोध करून लोक सगळ्यात जास्त ऐकतात ते रेकॉर्डिंग लावलं. पहिल्याच वाक्याला दोघी हसत सुटल्या. आवाज तिचाच होता. लेक पाळण्यात असताना केलेलं काम. “लोका सांगे ब्रह्मज्ञान,” नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला आणि पुढचे शब्द त्याने गिळले. कोरडे हा शब्द हल्ली घरात कोणी उच्चारत नसे.

पुढे मात्र हसण्यासारखं काही राहिलं नाही. रोज दुपारी ती आडवी होऊन तो आवाज ऐके, त्याच्याबरोबर श्वास घ्यायला जाई आणि मागे पडे. ती बाई बोलतच राही. खांदे सैल सोडा, जबडा सैल सोडा, पोट सैल सोडा. शेवटी शेवटी हिला धाप लागे, हात गार पडत. आपल्याच आवाजाने आपण घाबरतो, हे कोणाला सांगणार? आधी तिला त्या बाईचा हेवा वाटे, मग राग येई. ती शांत बाई आपल्यातून कायमची निघून गेली, याबद्दल तिला आता शंका उरली नव्हती.

आणि आज त्याच रेकॉर्डिंगचा दुसरा भाग करायचा होता. निर्मात्यांनी गोड शब्दांत कळवलं होतं, की आवाज पहिल्यासारखाच हवा. तब्येत साथ देत नसेल तर एक तरुण मुलगी तयार आहे. आवाजाच्या कामाशिवाय तिला दुसरं काहीच येत नव्हतं.

वाक्य पुन्हा तुटलं. तिने हेडफोन काढून ठेवला आणि ती बाहेर आली. मला नाही जमणार, त्या मुलीला बोलवा, असं तिने कात्रीला सांगून टाकलं. त्याने खुर्ची पुढे सरकवली आणि टेबलावरचा छोटा पंखा तिच्याकडे वळवला. काम संपलं की पर्स उचलून निघायचं, हा तिचा इतक्या वर्षांचा शिरस्ता. काचेच्या या बाजूला ती कधी बसलीच नव्हती.

“धापेचं एवढं मनावर घेऊ नका, ताई,” कात्री म्हणाला. “ती मी काढतो. तेव्हाही काढलीच होती.”

“तेव्हा म्हणजे?”

त्याने जुनं रेकॉर्डिंग उघडलं. कच्चा माल फेकून द्यायचा नाही, अशी त्याची सवय. पडद्यावर आवाजाच्या दोन पट्ट्या आल्या. खालची लोकांपर्यंत गेलेली, गुळगुळीत, वाक्याला वाक्य चिकटलेली. वरच्या, न कापलेल्या पट्टीत प्रत्येक वाक्याआधी एक बारीकसा उंचवटा होता. हे सगळे श्वास, त्याने अभिमानाने बोट ठेवून दाखवलं. जाहिरातीत करतात तसे साफ केले, एकही ठेवला नाही, आणि आजवर कोणाला पत्ता लागला नाही.

त्याने वरची पट्टी सुरू केली. एक घाबरलेली तरुण आई बोलू लागली. त्या दिवशी बाळाला ताप होता, शेजारणीकडे ठेवून ती आली होती. हे तिला आत्ता आठवलं. “खांदे सैल सोडा,” ती म्हणे, आणि मग हवेसाठी थांबे. चांगला मोठा, ऐकू येणारा श्वास. “जबडा सैल सोडा.” पुन्हा थांबे. पुन्हा श्वास.

तिथे तिथे हीसुद्धा श्वास घेत होती. घ्यायचा म्हणून नव्हे, आपोआप. बोटं ठणकत होतीच, जीभ टाळूला चिकटत होतीच. पण रेकॉर्डिंग संपलं तेव्हा ती मागे पडलेली नव्हती. कानांपर्यंत चढलेले खांदे कधी खाली आले, ते तिला कळलंही नाही. तिला रडू आलं आणि तिने ते येऊ दिलं.

मग ती उठून आत गेली. हेडफोन चढवला. काचेपलीकडे लाल दिवा लागला. तिने घरात घ्यावा तसा मोठा, अघळपघळ श्वास घेतला आणि वाक्य म्हटलं. ते कुठेही तुटलं नाही.

वाक्य झकास आलं, कात्रीचा आवाज हेडफोनमध्ये आला, सुरुवातीचा श्वास तेवढा कापून टाकतो.

“राहू द्या तो,” ती म्हणाली. “ऐकणाऱ्या बाईलाही श्वास घ्यायचा असतो.”