काळी चार

या, जरा जवळ सरका, प्रेस्बिटेरियन पाळकांच्या बायकोची गोष्ट सांगते. पाळक गाऊन उपदेश करायचे, मागे बसून बाई पेटी वाजवायच्या. त्यातच दोघं म्हातारी झाली. “देवाने माझा आवाज मात्र तरुण ठेवला,” पाळक म्हणायचे. “देवाचीच करणी हो!” म्हणत बाई हसायच्या. बाई गेल्या. चर्चमध्ये शवपेटीशेजारी त्यांची पेटी घेऊन लेक बसली. “बाबा, सूर खालून घेऊया?” “छे! काळी चार. तुझ्या आईने जन्मात पट्टी बदलली नाही.” पहिल्याच ओळीला आवाज फाटला. पुन्हा धरला, पुन्हा फाटला. लेकीला रडू आवरेना. “बाबा, आई वर्षानुवर्षं पट्टी हळूहळू उतरवत होती. तुम्हाला कळू दिलं नाही.” पाळक शवपेटीकडे वळले. “अगं, आता सूर कुठून धरू, एवढं तरी सांग!” तुमचा सूर कधी सहज लागला, तर बाईंची आठवण ठेवा.